मागचा ऑइल सील नवा टाकला तरी गळती परत सुरू. ब्रीदर (इंजिनातला गॅस बाहेर जाण्याची वाट) चोक आहे का, हे घरी कसं ओळखायचं?

चालक_मालक

नमस्कार मंडळी. गाडी पेट्रोल, चार सिलिंडर, 1.2 लिटर, टर्बो नाही. 1,20,000 किमी झाले आहेत. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे खालून तेल ठिबकायला लागलं, म्हणून गिअरबॉक्स उतरवून क्रँकचा मागचा ऑइल सील बदलून घेतला. क्लच प्लेटही त्याच वेळी टाकली. काही महिने सगळं कोरडं होतं. आता पुन्हा त्याच जागी ओल दिसते आणि सकाळी फरशीवर थेंब असतात.

त्यात भर म्हणजे टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) कडेनंही तेल पाझरतंय. हायवेवर बराच वेळ गाडी पळवून आल्यावर बॉनेट उघडलं तर डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) बोटभर वर आलेली असते. एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाशी तेल साचलंय, फिल्टरचा एक कोपरा तेलानं काळा झालाय. धूर नाही, पिकअप ठीक आहे, पण 1,000 किमीला साधारण पाव लिटर तेल कमी होतं.

गॅरेजमध्ये दोन मतं पडली. एक म्हणतो सील हलक्या प्रतीचा निघाला, परत बदलू. दुसरा म्हणतो रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागेल. एका ओळखीच्यानं ब्रीदर चोक असेल असं सांगितलं. गिअरबॉक्स पुन्हा खाली येण्याआधी मला खात्री करून घ्यायची आहे. पाना-पकड चालवता येते, इंजिन कधी खोललेलं नाही. नेमकं काय तपासू?


रोजचा_प्रवासी

माझ्या जुन्या गाडीला असंच होत होतं. एक नंबर जाड तेल टाकलं आणि ब्रीदरची नळी फिल्टरच्या डब्यातून काढून खाली मोकळी सोडली. फिल्टर तेलकट व्हायचा थांबला. सील फुगवणारं औषधही बाटलीत मिळतं, तेही टाकून बघा.


वर्कशॉपवाला

चालक_मालक, गिअरबॉक्सला अजून हात लावू नका. मागचा सील, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, वर येणारी डिपस्टिक आणि फिल्टरच्या डब्यातलं तेल, या चार वेगळ्या तक्रारी नाहीत. क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत जिथे क्रँक फिरते तिथे, गॅस कोंडला की तो जिथे सापडेल तिथून वाट काढतो आणि जाताना तेल घेऊन जातो. एकट्या सीलपाशी ओल असती आणि बाकी सगळं कोरडं असतं, तर मीही आधी सीलवरच संशय घेतला असता.

हा गॅस प्रत्येक इंजिनात असतो, नव्या इंजिनातही. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी रिंगेच्या दोन टोकांमध्ये गॅप असते आणि दर स्फोटाला थोडा गॅस तिथून खाली निसटतो. यालाच ब्लो-बाय म्हणतात. त्यात न जळलेलं पेट्रोल, काजळी, आम्लधर्मी वायू आणि पाण्याची वाफ असते. 1 लिटर पेट्रोल जळलं की जवळपास 1 लिटर पाणी तयार होतं. बहुतेक सायलेन्सरमधून निघून जातं, पण खाली उतरलेली वाफ थंड इंजिनात तेलात मिसळते. ज्यांच्या गाड्या रोज दोन-तीन किलोमीटरच चालतात, त्यांच्या ऑइल फिलरच्या झाकणाखाली पिवळट फेसाळ थर दिसतो, तो याच पाण्याचा. पुढे तोच तेलाशी आणि काजळीशी मिळून काळा चिकट गाळ होतो आणि ब्रीदरच्या वाटेत बसतो.

गॅस बाहेर काढायला तुमच्या गाडीत दोन नळ्या असतील. एक टॅपेट कव्हरपासून इनटेक मॅनिफोल्डकडे (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या पाइपकडे) जाते. तिच्या तोंडाशी पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन) व्हॉल्व्ह असतो. दुसरी कव्हरपासून एअर फिल्टरच्या डब्याकडे किंवा थ्रॉटलच्या आधीच्या पाइपकडे जाते, तिच्यातून गाळलेली ताजी हवा आत येते. म्हणजे ताजी हवा एका बाजूनं आत, घाण गॅस दुसऱ्या बाजूनं मॅनिफोल्डमध्ये, आणि तिथून पुन्हा सिलिंडरमध्ये जाऊन जळतो.

व्हॉल्व्हच्या आत स्प्रिंग आणि छोटा प्लंजर असतो. आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) मॅनिफोल्डची ओढ खूप जास्त असते, तेव्हा प्लंजर ओढला जाऊन वाट अरुंद करतो. एका वेगानं गाडी चालत असताना तो मधोमध राहतो आणि वाट मोठी होते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की मॅनिफोल्डमध्ये ओढ जवळजवळ उरत नाही आणि नेमका तेव्हाच ब्लो-बाय सर्वात जास्त असतो. मग जादा गॅस ताज्या हवेच्या नळीतून उलटा फिल्टरच्या डब्याकडे येतो. म्हणून त्या नळीत आतून तेलाचा पुसट हात लागलेला असणं चालतं. डब्यात तेल साचणं चालत नाही. त्याचा अर्थ मॅनिफोल्डकडची वाट बंद आहे आणि सगळा भार या एका नळीवर आलाय, किंवा ब्लो-बाय इतका वाढलाय की दोन्ही नळ्यांना पुरत नाही. या दोनपैकी काय, एवढंच आपल्याला शोधायचं आहे.

तपासणी अशी करा. इंजिन आयडलला ठेवून पीसीव्ही व्हॉल्व्ह कव्हरमधून उपसून हातात घ्या, नळी लागलेलीच राहू द्या. खालच्या तोंडावर बोट ठेवा. बोट ओढलं गेलं पाहिजे आणि आत प्लंजर आपटल्याचा टक् आवाज यायला हवा. ओढ नसेल तर नळी किंवा मॅनिफोल्डचं तोंड बंद आहे. मग व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवा. खडखडला तर प्लंजर मोकळा आहे, पण एवढ्यावरून व्हॉल्व्ह चांगला ठरत नाही. आतली स्प्रिंग मऊ झालेली असली तरी तो खडखडतोच. तो धुऊन परत लावण्यापेक्षा मी सरळ नवा टाकतो, आणि त्याच इंजिनाचा. बाहेरून सारखे दिसणारे व्हॉल्व्ह आतून सारखे नसतात. स्प्रिंग आणि छिद्र त्या त्या इंजिनाच्या हिशोबानं बनवलेलं असतं.

नळ्या नुसत्या बाहेरून पाहू नका. दोन्ही पूर्ण काढा, पलीकडचा उजेड दिसतो का पाहा, तोंडानं नाही तर हवेच्या पंपानं हवा मारून बघा, प्रत्येक वाक बोटांनी दाबून पाहा. गरम झाल्यावर मऊ पडून आतल्या आत मिटणारी नळी थंड असताना धडधाकट दिसते.

यानंतर जे सांगतो ते गॅरेजमध्ये फार कमी जण करतात, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. क्रँककेसचा दाब मोजा. त्याला महाग यंत्र लागत नाही. पारदर्शक प्लॅस्टिकची लांब नळी घ्या, एका फळीवर यू आकारात बांधा, दोन्ही दांड्या किमान अर्ध्या मीटरच्या ठेवा. अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरा. एक टोक डिपस्टिकच्या नळीवर घट्ट बसवा, दुसरं हवेत मोकळं. इंजिन आणि यू नळी यांच्यामध्ये एक रिकामी बाटली जोडा, दोन छिद्रांचं बूच लावून. ओढ जास्त निघाली तर पाणी बाटलीत पडेल, इंजिनात जाणार नाही. ही बाटली टाळू नका.

ऑइल फिलरचं झाकण बंद, इंजिन पूर्ण गरम, आयडल. ज्या इंजिनात पीसीव्ही नीट चालतं तिथे मोकळ्या बाजूचं पाणी खाली उतरतं, म्हणजे आत किंचित ओढ आहे. मोकळ्या बाजूचं पाणी वर चढलं तर आत दाब आहे. दोन पातळ्यांमधला फरक सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून 3,000 आरपीएमला परत मोजा. रस्त्यावर लोडखाली दाब याहून जास्त असतो हे लक्षात ठेवा.

रोजचा_प्रवासी, तुमच्या तिन्ही उपायांबद्दल मला स्पष्ट बोलायला हवं, कारण हे सल्ले खूप फिरतात. ब्रीदरची नळी खाली मोकळी सोडायची पद्धत जुन्या गाड्यांत होतीच. चालत्या गाडीखालच्या वाऱ्यानं तिच्यात थोडी ओढ तयार व्हायची. उभ्या गाडीत ती ओढ शून्य, आणि सगळा धूर हवेत. कॅलिफोर्नियात 1960 च्या दशकात नव्या गाड्यांना हा गॅस परत इंजिनात जाळणारं व्हेंटिलेशन सक्तीचं झालं ते याच धुरामुळे. आजच्या गाडीत ही नळी मोकळी सोडली तर फिल्टर न झालेली धूळ थेट तेलात जाते. हवा मोजणारा सेन्सर नळीच्या आधी असेल तर न मोजलेली हवाही इंजिनात शिरते आणि मिश्रण बिघडतं. फिल्टर स्वच्छ राहतो हे खरं, पण क्रँककेसमधला दाब का वाढला ते तसंच राहतं. सील फुगवणारं औषध रबर मऊ करतं, काही दिवस गळती थांबते, पण ते तेलातून इंजिनातल्या सगळ्याच रबरापर्यंत पोचतं. आणि कोंडलेल्या गॅसवर जाड तेलाचा काही उपाय चालत नाही.


चालक_मालक

इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. सुट्टीच्या दिवशी सगळं केलं. फळीवर नळी बांधली, बाटलीही लावली.

आयडलला पाणी 8 सेंमी वर चढलं, म्हणजे दाबच. 3,000 ला 25 सेंमीच्या पुढे गेलं, पाणी बाहेर सांडेल म्हणून पाय काढला.

पीसीव्ही व्हॉल्व्ह खडखडतो, पण बोटाला ओढ अजिबात नाही. मॅनिफोल्डकडची नळी काढली तेव्हा कारण दिसलं. कधीतरी कुणीतरी मूळ नळीच्या जागी रेडिएटरच्या पाण्याच्या नळीचा तुकडा लावलाय, आधीच्या मालकाच्या वेळचा असावा. बाहेरून काळी, जाड, एकदम मजबूत. कापून पाहिली तर आतून रबर फुगून भोक जवळजवळ बंद झालंय. नखानं दाबलं की आतला थर चिकट लगद्यासारखा निघतो. वाकापाशी तर सुईही जाणार नाही.

ताज्या हवेची नळी मोकळी आहे, पण ती कव्हरला जिथे लागते तिथल्या तोंडात काळा गाळ आहे. टॅपेट कव्हर काढू का?


वर्कशॉपवाला

काढा. आणि तुम्ही नळी कापून पाहिलीत हे फार बरं केलंत, बाहेरून ती कुणालाही पास वाटली असती. पाण्याच्या नळ्या बहुतेक ईपीडीएम रबराच्या असतात. ते रबर उष्णता आणि कूलंट वर्षानुवर्षं सोसतं, पण तेल लागलं की फुगतं. ब्रीदरला तेल सोसणारी नायट्राइल रबराची नळी लागते, शक्य तर मूळ आकाराची घडीव, म्हणजे वाकात मिटत नाही.

टॅपेट कव्हरच्या आतल्या बाजूला ब्रीदरच्या तोंडाखाली पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची आडपट्टी असेल, काही इंजिनांत जाळी. गॅसबरोबर उडणारे तेलाचे थेंब तिथे आपटून परत खाली पडावेत म्हणून ती असते. मॅनिफोल्डकडची वाट बंद झाल्यावर सगळा गॅस ताज्या हवेच्या तोंडातून उलटा जात राहिला, त्यामुळे तिथेही गाळ बसला. दोन्ही वाटा आवळल्या गेल्यावर दाब वाढला. कव्हर केरोसीनमध्ये भिजवा, मऊ ब्रश मारा, पूर्ण सुकवा. आडपट्टीमागचा गाळ सुटा झाला आणि निघाला नाही तर तो तेलात पडेल, म्हणून दुसऱ्या तोंडातून स्वच्छ केरोसीन ओतून ते नितळ बाहेर येईपर्यंत धुवा. पॅकिंग नवं टाका. सिलिकॉन फक्त मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या कोपऱ्यांवर, तेही कमी. जादा सिलिकॉन आत सुटून तेलाच्या जाळीत अडकतं.

तुमच्या 25 सेंमीचा अर्थ सांगतो, म्हणजे पॅकिंग का पाझरत होतं ते लक्षात येईल. 25 सेंमी पाणी म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 25 ग्रॅम. टॅपेट कव्हर 40 सेंमी लांब आणि 15 सेंमी रुंद धरलं तर 600 चौरस सेंमी. त्यावर 15 किलोचा जोर, खालून वर, सतत. मागचा सील तर फिरत्या शाफ्टवर नुसत्या लवचीक ओठानं टेकलेला असतो. त्या ओठामागची बारीक स्प्रिंग तेल थोपवायला पुरते, आतून गॅस ढकलत राहिला तर नाही. म्हणून नवा सीलही काही महिन्यांतच ओला झाला. सील हलका होता असं म्हणायला माझ्यापुढे तरी काही आधार नाही.

नवी नळी, नवा पीसीव्ही, धुतलेलं कव्हर आणि नवं पॅकिंग लावून पुन्हा पाणी मोजा. दाब गेला तर रिंगा ठीक आहेत असं धरायला हरकत नाही. दोन्ही वाटा मोकळ्या असूनही पाणी वर चढलं तर कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन टेस्ट करा. लीक-डाउनमध्ये सिलिंडरला हवा देऊन ऑइल फिलरला कान लावायचा. तिथे फुसफुस जोरात आली तर हवा रिंगांमधून जाते आहे.


निळी_हॅचबॅक

मध्येच विचारतो. माझी टर्बो पेट्रोल आहे. मला उलटंच दिसतंय. आयडलला इंजिनातून बारीक शिट्टी येते, ऑइल फिलरचं झाकण ओढून निघत नाही इतकं घट्ट, आणि डिपस्टिक थोडी उपसली की शिट्टी बंद. इंजिन जरा थरथरतं. हेही ब्रीदरचंच का?


वर्कशॉपवाला

हो, ब्रीदरचंच, पण दुसऱ्या टोकाचं. तुमच्या इंजिनात साध्या प्लंजरऐवजी रबरी पडद्याचा रेग्युलेटर असेल. बऱ्याच गाड्यांत तो टॅपेट कव्हरमध्येच बसवलेला असतो. मॅनिफोल्डची ओढ मोठी असते, पडदा ती क्रँककेसपर्यंत थोडीच पोचू देतो. पडदा फाटला की पूर्ण ओढ आत पोचते. मग सीलचा ओठ आत ओढला जातो, त्याखालून बाहेरची हवा शिरते आणि शिट्टी वाजते. फाटलेल्या पडद्याच्या छोट्या छिद्राशीही वाजते. न मोजलेली हवा आत जात असल्यानं आयडल थरथरतं, काही गाड्यांत मिश्रण पातळ असल्याचा कोड पी0171 येतो.

हे लांबवू नका. ओठाखालून सतत हवा गेली तर तो कोरडा घासला जातो आणि झिजतो, मग पडदा बदलला तरी गळती राहते. पडदा पेट्रोलनं किंवा कार्ब क्लीनरनं धुऊ नका, रबर खराब होतं.

टर्बोमध्ये आणखी एक पाहा. बूस्ट (टर्बोनं दाबलेली हवा) चढला की मॅनिफोल्डमध्ये ओढीऐवजी दाब असतो. तो क्रँककेसमध्ये शिरू नये म्हणून एकतर्फी व्हॉल्व्ह असतो, आणि त्या वेळी गॅस दुसऱ्या नळीनं टर्बोच्या तोंडाकडे जातो. हा एकतर्फी व्हॉल्व्ह गळका झाला तर बूस्ट थेट क्रँककेसमध्ये उतरतो. मॅनिफोल्डकडची नळी काढून व्हॉल्व्हमधून दोन्ही दिशांनी हवा मारून बघा, एकाच दिशेनं गेली पाहिजे.


चालक_मालक

सगळं बसवलं. पाणी मोजलं: आयडलला 4 सेंमी ओढ, 3,000 ला जवळपास शून्य, किंचित ओढीकडेच. डिपस्टिक आता जागेवर आहे, तिची ओ-रिंगही नवी टाकली. टॅपेट कव्हर कोरडं. फिल्टरचा डबा पुसून ठेवला आहे.

मागचा सील अजून थोडा ओला दिसतो. लगेच बदलू का?


वर्कशॉपवाला

4 सेंमी ओढ म्हणजे व्हेंटिलेशन चाललंय. रिंगांची भीती काढून टाका.

सीलसाठी थांबा. आधी खालचा सगळा भाग डिग्रीझरनं धुवा, कारण बेल हाउसिंगमध्ये (गिअरबॉक्सच्या क्लच झाकणाऱ्या भागात) साठलेलं जुनं तेल बरेच दिवस झिरपत राहतं आणि नवीच गळती वाटते. मग काही दिवस गाडी चालवून टॉर्चनं पाहा. पुन्हा ओलं झालं तर तेलात यूव्ही डाय टाका आणि निळ्या दिव्याखाली वरून खाली शोधत या. हेडच्या मागच्या बाजूनं किंवा ऑइल प्रेशर स्विचमधून उतरलेलं तेलही नेमकं तिथेच येऊन ठिबकतं. गिअर ऑइल असेल तर गंधकाचा उग्र वास येतो, तो इंजिन ऑइलला नसतो. तसं असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा सील बघावा लागेल.

खरंच मागचाच सील असेल आणि गिअरबॉक्स उतरवावा लागला, तर मेकॅनिकला शाफ्टवर नख फिरवून पाहायला सांगा. जुन्या ओठानं खोबणी पाडली असेल तर नख अडकतं. तशा शाफ्टवर नवा सील त्याच खोलीवर बसवला तर तो त्याच खोबणीत पडून पुन्हा गळेल. हाउसिंगमध्ये जागा असेल तर एक-दीड मिलिमीटर अलीकडे-पलीकडे बसवायचा म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येतो, नाहीतर शाफ्टवर पातळ स्टीलची स्लीव्ह चढवायची. पॉलिश करायचंच असेल तर शाफ्टच्या भोवती, लांबीच्या दिशेनं नाही, कारण लांबीच्या ओरखड्यातून तेल सरळ बाहेर येतं.

आणि सील कुठल्या जातीचा आहे ते पुड्यावर वाचा. साध्या रबरी ओठाला बसवताना तेल लावतात. पीटीएफई (टेफ्लॉन) ओठाचा सील, ज्याला आत बारीक स्प्रिंग दिसत नाही आणि ओठ सपाट, रुंद असतो, तो बहुतेक वेळा शाफ्ट तेल पुसून, कोरडाच बसवायचा असतो. त्याच्याबरोबर येणारी प्लॅस्टिकची बाही शाफ्टवर सरकेपर्यंत काढायची नाही. बसवल्यावर मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ जाऊ द्या, तोपर्यंत इंजिन फिरवू नका.